सरकीची पेंड आणि तळ्यातले मासे

यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीनंतर एखाद्या जिनिंगच्या आवारात डोकावले, तर एका बाजूला रुईच्या गाठी आणि दुसऱ्या बाजूला सरकीचे ढीग दिसतात. सगळ्यांचे लक्ष गाठींकडे असते, कारण पैसा तिथे असतो. पण वजनाचा हिशेब केला, तर शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण ३४ किलो आणि सरकी ६४ किलोच्या आसपास. म्हणजे ज्याला आपण कापसाचे पीक म्हणतो ते वजनाने पाहिले तर सरकीचेच पीक आहे. सरकीतून तेल काढले की पेंड उरते. ती गाईम्हशींपुढे जाते हे खेड्यातल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असते. तळ्यातल्या माशांपुढेही ती जाऊ शकते आणि काही ठिकाणी जाते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

सध्या मत्स्यपालनाच्या दुकानांत माशांच्या आरोग्यासाठी म्हणून वनस्पतींच्या भुकट्या, अर्क, ‘हर्बल’ डबे यांची रेलचेल आहे. अश्वगंधा, हळद, तुळस, कडुनिंब अशी ओळखीची नावे त्यांवर असतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला आणि भोई-ढिवर समाजाच्या मत्स्यव्यवसाय संस्थांना ही नावे विश्वासाची वाटतात. या डब्यांत काही तथ्य आहे का, असा प्रश्न शिक्षकांच्या शिबिरांत मला अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. माशांना वनस्पती चारण्याचा इतिहास पाहिला तरच ते नीट कळते, आणि त्या इतिहासात यवतमाळच्या मातीतली दोन झाडे अगदी मध्यभागी उभी आहेत : कापूस आणि मोह.

सुरुवात थोडी मागून करू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. राजाने करमणूक कशी करावी हे सांगताना त्यात मत्स्यविनोदाचे, म्हणजे गळाने मासे पकडण्याचे एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार कोणते, कोणता मासा कुठे सापडतो, त्याला काय चारावे, याची माहिती त्यात येते. आपले प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाचे कुतूहल अर्थातच गळापुरते होते. माशाला पाळावे, तो आजारी पडला तर बरा करावा, हा विचार त्यामागे नव्हता. गंमत म्हणजे आपल्या जुन्या वृक्षायुर्वेदात उलटा व्यवहार सापडतो. मांस, मासे, चरबी कुजवून केलेले ‘कुणपजल’ झाडांना घालावे असे तिथे सांगितले आहे. झाडाला मासा खाऊ घालण्याची कृती आपण लिहून ठेवली. माशाला झाड खाऊ घालण्याचे शास्त्र रचायला विसावे शतक उजाडावे लागले.

मधल्या काळात माशाशी झाडाचा संबंध आला तो प्रामुख्याने विष म्हणून. मध्य भारतातल्या आदिवासी भागांत उन्हाळ्यात नदीनाल्यांचे डोह उरले की त्यांत हिंगणाची फळे, गेळफळे किंवा मोहाची पेंड कुटून टाकत. थोड्या वेळात मासे बधिर होऊन वर येत आणि हाताने गोळा करता येत. माणसाने ते खाल्ले तरी बाधत नसे. या सगळ्या वनस्पतींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे सॅपोनिन गटातली द्रव्ये. रिठ्याला फेस येतो तो याच गटातल्या द्रव्यांमुळे. सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांतून थेट रक्तात शिरते आणि तांबड्या पेशी फोडते. माणसाच्या आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही, शिवाय मासा शिजवलेला असतो. एकच द्रव्य कल्ल्याला मारक आणि आतड्याला जवळजवळ निरुपद्रवी, हा भेद ज्यांनी हेरला त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. निरीक्षण मात्र पक्के होते.

हे ज्ञान पुढे सरकारी पुस्तिकांत गेले, तेही फारसा बदल न होता. संवर्धनाच्या तळ्यात मत्स्यबीज सोडण्याआधी त्यातले मरळ, शिंगी यांच्यासारखे भक्षक मासे काढून टाकावे लागतात. त्यासाठी हेक्टरी सुमारे २५०० किलो मोहाची पेंड टाकावी, अशी शिफारस देशभर रूढ झाली. पाणी सरासरी एक मीटर खोल धरले तर हे प्रमाण दहा लाख भागांत २५० भाग असे येते. (दहा गुंठ्यांच्या तळ्याला किती पेंड लागेल, हे गणित आठवीच्या वर्गाला घालून पाहा. एक हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे.) साधारण दोन ते तीन आठवड्यांत विषाचा प्रभाव ओसरतो आणि मग तीच पेंड कुजून तळ्याला खत मिळते. त्यावर शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढतात आणि नंतर सोडलेली बोटुकली त्यांवर पोसते. विष, मग खत, मग अन्न, आणि पदार्थ एकच. ही साखळी लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

माशांना नेमाने खाऊ घालण्याची गरज निर्माण झाली ती १९५७ नंतर. त्याआधी कटला, रोहू, मृगळ या गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचे बीज पावसाळ्यात नदीतून गोळा करावे लागे. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ या दिवशी ओरिसातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पोषग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या गटातल्या माशांचे प्रजनन घडवून आणले. या कामात डॉ. के. एच. अलिकुन्ही यांचे मार्गदर्शन होते. आता बीज हवे तेव्हा आणि हवे तितके मिळू लागले. दोनच वर्षांनी चंदेरा आणि गवत्या हे मासे बाहेरून आणले गेले आणि सहा जातींचे मासे एकाच तळ्यात वाढवायची मिश्र पद्धत आकाराला आली.

तळ्यातले मासे संख्येने वाढले की नैसर्गिक अन्न पुरत नाही. मग पूरक खाद्य आले. त्याचा सर्वांत साधा नुस्खा म्हणजे शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, समान वजनाने. अर्ध्या शतकाहून जास्त काळ भारतातल्या तळ्यांना याच जोडीने पोसले. पण यवतमाळ हा भाताचा मुलूख नव्हे, आणि शेंगदाण्याची पेंड महाग. इथे ऊर्ध्व पैनगंगा, पूस, अरुणावती, बेंबळा असे जलाशय झाले, गावतलाव होतेच, आणि अलीकडे शेततळ्यांची भर पडली. प्लास्टिकचे अस्तर टाकलेल्या शेततळ्यात पाणी झिरपत नाही हे खरे, पण तळाशी चिखलही नसतो. त्यामुळे चिखलातले किडे-अळ्या नसतात, आणि मासा बाहेरून टाकलेल्या खाद्यावर अधिकच अवलंबून राहतो. अशा ठिकाणी हाताशी असलेली स्वस्त पेंड कोणती? सरकीची. आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

सरकीचा दाणा ब्लेडने मधोमध कापला, तर आतल्या पांढरट गरात काळे-तपकिरी ठिपके दिसतात. भिंगाची गरजही पडत नाही. या ग्रंथी आहेत आणि त्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. कपाशीच्या पानावर दिसणारे बारीक काळे ठिपकेही त्याचेच. कपाशीने स्वतःच्या संरक्षणासाठी तयार केलेले ते कीटकनाशक आहे. लॉंगमोर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८८६ मध्ये ते सरकीच्या तेलाच्या गाळातून वेगळे केले, आणि १८९९ मध्ये मार्खलेव्स्की या पोलिश रसायनतज्ज्ञाने त्याला नाव दिले. कपाशीचे शास्त्रीय नाव गॉसिपियम आणि द्रव्य फिनॉल गटातले, म्हणून गॉसिपॉल. रंग म्हणून त्याचा काही उपयोग होईल का, याकडे तेव्हा लक्ष होते. अमेरिकेत सरकीची पेंड खाऊन डुकरे मरत, हे गोपालकांना ठाऊक होते, पण कारण कळत नव्हते. १९१५ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनातल्या विदर्स आणि कॅरुथ यांनी दोष गॉसिपॉलवर निश्चित केला. लोहाचे क्षार दिले तर विषबाधा कमी होते, हेही त्याच दशकात तिथे कळले, कारण गॉसिपॉल लोहाला घट्ट धरून ठेवते.

मग आपल्या गाई तीच सरकी खाऊन ठणठणीत कशा राहतात? गाईच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात. तिथे अन्न बराच काळ आंबत राहते आणि गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाऊन निष्प्रभ होते. लहान वासराचे कोठीपोट तयार झालेले नसते, म्हणून त्याला ती बाधू शकते. डुक्कर, कोंबडी आणि मासा यांना कोठीपोट नसतेच. ‘गाईला चालते म्हणजे माशालाही चालेल’ हा तर्क इथेच कोसळतो. मला तर शरीरक्रियाशास्त्र शिकवायला याहून चांगले उदाहरण सुचत नाही.

गॉसिपॉलची दोन रूपे असतात, मुक्त आणि बद्ध. बाधते ते मुक्त रूप. पेंड काढताना उष्णता दिली की गॉसिपॉल प्रथिनांतल्या लायसीन या अमिनो आम्लाला चिकटून बद्ध होते. विष घटले म्हणून आनंद मानावा, तर लायसीनही त्याच्याबरोबर अडकून बसते आणि माशाला मिळत नाही. लायसीन हे माशाला, तसेच आपल्यालाही, अन्नातूनच मिळावे लागते. म्हणजे तापवलेल्या पेंडेत विष कमी आणि पोषणही कमी. शिवाय आपल्याकडे बहुधा टरफलासकट सरकी गाळतात. त्या पेंडेत प्रथिने २०-२२ टक्क्यांच्या आसपास आणि बाकी बराचसा भाग चोथा असतो. टरफल काढून केलेल्या पेंडेत प्रथिने ४० टक्क्यांपर्यंत जातात. रोहू-कटल्याच्या बोटुकलीला खाद्यात २८-३० टक्के तरी प्रथिने हवीत. बाजारात दोन्ही पेंडी ‘सरकी पेंड’ याच नावाने मिळतात, हा घोटाळा वेगळाच.

माशाच्या बाबतीत सरकीवर सर्वांत मोठा संशय आला १९६० मध्ये, आणि तो आला फार दूर, अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या ट्राउट माशांच्या संवर्धन केंद्रांत. ट्राउट हा थंड पाण्यातला मांसाहारी मासा. पूर्वी त्याला कत्तलखान्यातले काळीज, मांस असे ओले खाद्य देत. १९५० च्या दशकात त्याजागी कोरड्या गोळ्या आल्या. त्यांत स्वस्त प्रथिन म्हणून सरकीची पेंडही असे. आणि १९६० मध्ये लक्षात आले की केंद्राकेंद्रांतून ट्राउटच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी झाल्या आहेत. पाणी तपासले, आनुवंशिकता तपासली, संसर्गाची शक्यता पाहिली. १९६३ मध्ये वुल्फ आणि जॅक्सन यांनी खाद्यातले घटक एकेक करून वगळत जाऊन बोट ठेवले ते सरकीच्या पेंडेवर.

इथे कोणीही म्हटले असते, सापडला गुन्हेगार, गॉसिपॉलच तो! पण गुन्हेगार दुसराच निघाला. योगायोग असा की त्याच १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एका अनोळखी रोगाने मेले होते. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि त्या पेंडेवर अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढलेली होती. बुरशीने तयार केलेल्या विषाला तिच्याच नावावरून अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले. ट्राउटच्या सरकीतही तेच होते. ओरेगनमध्ये सिनह्यूबर आणि वॉशिंग्टन राज्यात हाल्व्हर यांच्या प्रयोगशाळांनी पुढची काही वर्षे हे काम चालवले. खाद्याच्या शंभर कोटी भागांत अर्ध्या भागाहूनही कमी अफ्लाटॉक्सिन असले, तरी वर्षभरात काही ट्राउटना गाठी होतात असे दिसून आले. इतके कमी विष ओळखणारा प्राणी सहसा सापडत नाही. पुढे ट्राउट हा कर्करोग संशोधनातला एक मान्यताप्राप्त प्रायोगिक प्राणी झाला.

सरकी मात्र अगदीच निर्दोष सुटली नाही. सरकीच्या तेलात सायक्लोप्रोपीन गटाची काही मेदाम्ले असतात. ती अफ्लाटॉक्सिनच्या जोडीला आली की ट्राउटमध्ये कर्करोगाचे प्रमाण वाढते, असे सिनह्यूबर यांच्या गटाला १९६० च्या दशकाच्या अखेरीस आढळले. एका पोत्यात तीन संशयित. एक झाडाचे स्वतःचे, एक तेलातले, आणि एक साठवणुकीत बाहेरून आलेल्या बुरशीचे. यांतला तिसरा सर्वांत घातक आणि टाळायला सर्वांत सोपा.

अफ्लाटॉक्सिन आपल्याला परके नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. रोहू-कटला ट्राउटइतके नाजूक नाहीत. उबदार पाण्यातले मासे हे विष बरेच सहन करतात आणि त्यांच्यात गाठी सहसा दिसत नाहीत. पण दिसत नाही म्हणजे काही होत नाही असे नव्हे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेतले साहू आणि मुखर्जी यांनी २००१ मध्ये दाखवले की अफ्लाटॉक्सिन शरीरात गेलेल्या रोहूची रोगप्रतिकारशक्ती खालावते. मासा त्या विषाने मरत नाही. नंतर येणाऱ्या साध्या जिवाणूने मरतो, आणि दोष पाण्याला दिला जातो.

आता औषधाकडे वळू. भारतातल्या मत्स्यपालकांना माशांच्या रोगाची खरी दहशत बसली ती १९८८ मध्ये. त्या वर्षी ईशान्येकडच्या राज्यांत माशांच्या अंगावर लाल चट्टे पडून त्यांचे खोल व्रण होऊ लागले. मरळीसारखे मासे सर्वांत आधी गेले. पुढच्या काही वर्षांत ही साथ देशाच्या बऱ्याच भागांत पसरली. व्रण पाहून लोकांनी बाजारात मासे घेणेच सोडले, त्यामुळे ज्यांचे मासे निरोगी होते तेही बुडाले. रोगाचे मूळ म्हणजे पाण्यात राहणारा, बुरशीसारखा दिसणारा अॅफॅनोमायसिस हा जीव. हे नक्की व्हायला काही वर्षे गेली. तोवर लोक हातावर हात ठेवून बसले नव्हते. चुना आणि हळद तळ्यात टाकण्याचा उपाय पूर्व भारतात खूप वापरला गेला. भुवनेश्वरच्या संस्थेने सीफॅक्स हे रासायनिक मिश्रण काढले, तेही चालले. चुन्याचा परिणाम समजण्यासारखा आहे, पाण्याची आम्लता कमी होते. हळदीचा वाटा त्यात किती, हे सांगणे कठीण, कारण दोन्ही एकदमच टाकले जात. ज्या तळ्यात फक्त हळद टाकली आणि ज्या तळ्यात काहीच टाकले नाही अशा तळ्यांची तुलना हवी, आणि बुडत्या माणसाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

दुसरीकडे माशांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची सवय आशियाभर वाढत गेली. २००१-०२ मध्ये आशियातून गेलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांचे अंश सापडले आणि युरोपने माल परत पाठवायला सुरुवात केली. १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघाने वाढीसाठी म्हणून पशुखाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आणली. या दडपणाखाली जगभरचे संशोधक पर्याय शोधू लागले. आपल्याकडे आयुर्वेदाची यादी तयारच होती.

मदुराईत लोगांबाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये तुळशीच्या पानांचा अर्क तिलापिया माशावर तपासला. दिल्ली विद्यापीठात रीना चक्रवर्ती यांच्या गटाने रोहूच्या खाद्यात आघाडा घालून पाहिला; मंगळागौरीच्या पत्रीत असतो तोच आघाडा. भुवनेश्वरला २००७ मध्ये आंब्याच्या कोयीतला गर तपासला गेला. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत २०१० मध्ये अश्वगंधेच्या मुळांवर काम झाले. या प्रयोगांची रीत साधारण सारखी आहे. रोहूची बोटुकली टाक्यांत वाटून घ्यायची. एका गटाला साधे खाद्य, बाकीच्यांना तेच खाद्य पण वनस्पतीची भुकटी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून. सहा ते आठ आठवडे चारायचे. मग रक्त काढून पांढऱ्या पेशी किती तडफेने जिवाणू मारतात, लायसोझाइम हे विकर किती आहे, ते मोजायचे. शेवटी सर्व माशांना एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूची टोचणी द्यायची आणि किती मासे जगतात ते पाहायचे.

भुकटी खाल्लेले मासे जास्त जगले, असे या प्रयोगांत दिसले. हे निष्कर्ष खरे मानायला हरकत नाही. पण आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे. अश्वगंधेच्या प्रयोगात खाद्याच्या दर किलोत १, २ आणि ३ ग्रॅम अशी मात्रा होती, आणि सर्वांत चांगला परिणाम २ ग्रॅमला मिळाला. कोयीच्या प्रयोगात १, ५ आणि १० ग्रॅम होते, तिथे ५ ग्रॅमला. जास्त घातले म्हणून जास्त फायदा झाला नाही. प्रतिकारशक्तीला चेतवणारे द्रव्य म्हणजे शरीराला दिलेला हलकासा चिमटा असतो. जोराने काढला की त्याचीच इजा होते. मोहाच्या पेंडेत जी गोष्ट आपण पाहिली तीच ही, फक्त मात्रा खूपच कमी.

आणि या साखळीचे सर्वांत मजेदार टोक पुन्हा सरकीपाशी येते. अमेरिकेत बॅरोस, लिम आणि क्लेशियस यांनी २००२ मध्ये मार्जारमाशाला सोयाबीनऐवजी सरकीची पेंड घालून पाहिली. हेतू पोषणाचा होता. पण रोगजंतूंना तोंड देताना सरकी खाल्लेल्या माशांची प्रतिकारक्षमता काही बाबतींत सरस दिसली. ज्या द्रव्याने डुकरे मेली, तेच थोड्या मात्रेत माशाला रोगाशी लढताना मदत करत असावे, अशी शक्यता त्यातून पुढे आली. ती अजून शक्यताच आहे, त्यावर कोणी डबा विकू नये.

प्रयोगांविषयी माझा आक्षेप वेगळा आहे. टाकीत पाणी स्वच्छ, प्राणवायू पुरेसा, खाद्य ताजे. बिघाड एकच, तोही टोचून दिलेला. यवतमाळच्या तळ्यात मे महिन्यात गुडघाभर पाणी उरते आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेतात. पावसाळ्यात शेजारच्या कपाशीवर फवारलेले कीटकनाशक पहिल्या लोंढ्याबरोबर पाण्यात उतरते. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा माशांचे काय होत असेल ते सांगायला नको. अशा तळ्यात दर किलोला दोन ग्रॅम अश्वगंधा काय करील, हे टाकीतल्या प्रयोगावरून सांगता येत नाही. शिवाय मुळांच्या एका पोत्यात गुणकारी द्रव्य जितके असते तितकेच दुसऱ्या पोत्यात असेल याची हमी नाही.

आता हिशेब करून पाहू. तळ्यात २०० ग्रॅमचे ५०० मासे आहेत. वजन झाले शंभर किलो. रोज वजनाच्या तीन टक्के खाद्य धरले तर तीन किलो. त्यात अश्वगंधा पडेल सहा ग्रॅम, आणि उरलेले दोन किलो ९९४ ग्रॅम म्हणजे पेंड आणि कोंडा. सहा ग्रॅमसाठी आपण डब्यावरची अक्षरे वाचतो आणि तीन किलोसाठी पोत्यात हात घालूनही पाहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कुडाच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या पेंडेच्या पोत्याचा तळ उलटून पाहावा. ढेपेवर हिरवट-पिवळी बुरशी, कुबट वास, ढेकळे फोडताना उडणारी धूळ. अशी पेंड माशाला घालून वर प्रतिकारशक्तीची भुकटी घालणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. पेंड पावसाळ्यापुरती थोडी थोडी आणावी, ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या खाली असतानाच साठवावी, जमिनीपासून उचलून फळीवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. यात नवे शास्त्र काही नाही.

गॉसिपॉलचा बंदोबस्त करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. ग्रंथी नसलेली कपाशी अमेरिकेत १९५० च्या दशकात तयार झाली. पण संरक्षण गेल्यामुळे किडी आणि उंदरांनी तिचा फडशा पाडला. टेक्सासमध्ये काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी २००६ मध्ये अशी कपाशी जाहीर केली की जिच्या पानांत गॉसिपॉल राहते आणि फक्त सरकीतून ते जवळजवळ नाहीसे होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आणि २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. आपल्याकडे मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सूक्ष्म जीवांकडून पेंड आंबवून गॉसिपॉल कमी करण्याची पद्धत बसवली आहे. एका अर्थाने हे गाईचे कोठीपोट पिंपात उभे करण्यासारखेच आहे. ती पद्धत जिनिंगच्या आवारापर्यंत पोचली तर माशांच्या खाद्याचा प्रश्न यवतमाळपुरता पुष्कळ सुटेल.

वर्गात करून पाहण्यासारखे थोडेसे. जिनिंगमधून मूठभर सरकी आणावी. पेरणीचे बियाणे मुळीच घेऊ नये, त्याला विषारी औषध चोळलेले असते. सरकी रात्रभर भिजवून शिक्षकांनी ब्लेडने मधोमध कापावी आणि मुलांना गरातले काळे ठिपके मोजायला सांगावे. त्याशेजारी कपाशीचे पान उजेडासमोर धरावे. दुसऱ्या दिवशी मुलांना घरच्या पेंडेचा चिमूटभर नमुना कागदात गुंडाळून आणायला सांगावे, पण बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर त्याला हात न लावता घरीच राहू द्यावे. टरफलासकट आणि टरफलाविना पेंड कोणती ते मुले बघूनच ओळखतात. मग ती पेंड कोणाच्या घरी कुठे ठेवलेली असते, त्याची फळ्यावर यादी करावी.